थोरलीची कमाल गती

दादांना दोन मुली आहेत, असं त्यांची बायको नव्या ओळखीच्या माणसाला सांगायची. धाकटी चौथीत होती, शाळेत जायची आणि मांजरीवर जीव टाकायची. थोरली संस्थेच्या तळमजल्यावर राहायची, तिला शंभर डबे होते आणि तिला रात्रंदिवस एसी लागायचा. समोरचा माणूस गोंधळला की बायको खुलासा करायची, "ती यांची पहिली. तिची खोकी उघडत बसले होते, म्हणून मला बघायला तासभर उशिरा आले."

थोरली म्हणजे संस्थेचा महासंगणक. काळ्या कपाटांत एकावर एक रचलेले चपटे संगणक, सगळे वायरींनी एकमेकांना जोडलेले. त्यातल्या एकेकाला शहाणे लोक नोड म्हणत, बाकी सगळी इमारत डबा म्हणायची. दादा थोरलीचे सांभाळकर्ते. कुठल्या डब्याचा कुठला पंखा कुरकुरतोय हे ते जिन्यात उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगत. घरी दूध उतू गेलेलं मात्र त्यांना समोर बसून कळायचं नाही.

सोमवारी वरच्या कार्यालयाचं परिपत्रक आलं. जुन्या महासंगणकांची छाननी होणार होती. ज्याची गती पन्नास टेराफ्लॉपच्या खाली, तो भंगारात. ज्याची शंभराच्या वर, तो उचलून दूरच्या केंद्रीय दालनात. मधले सगळे जिथल्या तिथे राहतील. टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं, पण हे लक्षात ठेवायची वाचकांना गरज नाही. पन्नास आणि शंभर एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. दादांनी पन्नासची ओळ चारदा वाचली. शंभरची ओळ मात्र, पगारदार माणूस श्रीमंतांवरच्या कराची बातमी वाचतो तशी, वाचून सोडून दिली.

मोजायची होती ती सैद्धांतिक कमाल गती. यंत्र प्रत्यक्षात किती पळतं हा प्रश्नच नव्हता. गरम होणं नाही, अडणं नाही, एकमेकांची वाट बघणं नाही, सगळं मनासारखं झालं तर ते किती पळेल, एवढंच सांगायचं होतं. स्थळ घेऊन आलेले लोक मुलाबद्दल जे सांगतात, त्यातलाच हा प्रकार. त्याला यंत्र सुरूही करावं लागत नाही, नुसता गुणाकार करावा लागतो. डबे किती, एका डब्यात काम करणारे कोअर किती, एका सेकंदात त्यांचे ठोके किती पडतात आणि एका ठोक्याला एक कोअर किती गणितं उरकतो.

हे सूत्र दादांच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेलंच होतं. दादांच्या आधीच्या सांभाळकर्त्या साहेबांनी ते चुकून न पुसल्या जाणाऱ्या शाईनं लिहिलं होतं आणि ते निवृत्त झाले तरी सूत्र निवृत्त झालं नव्हतं. दादांनी आकडे भरले. शंभर डबे, चोवीस कोअर, अडीच अब्ज ठोके आणि साहेबांच्या अक्षरातले शेवटचे आठ. उत्तर आलं अठ्ठेचाळीस. दादांनी पुन्हा गुणाकार केला. मग कॅल्क्युलेटर बिघडला असेल म्हणून मोबाइलवर केला. अठ्ठेचाळीसच.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून बायकोनं आधी पाणी दिलं.

"दोन कमी पडतायत," दादा म्हणाले.

"मग दोन वाढवून सांगा. आमची मावशी मुलांची उंची सांगताना नेहमी दोन इंच वाढवायची. कोण फूटपट्टी घेऊन येतंय?"

"अगं, शुक्रवारी तपासनीस बाई फूटपट्टी घेऊनच येणार आहेत! डबे मोजणार. जोडलेला आणि चालू असेल तोच डबा धरणार."

"अजून डबे नाहीत का तुमच्याकडे?"

दादा पाण्याचा पेला हातात धरून तसेच राहिले. होते! थोरली आली तेव्हा शंभर डब्यांबरोबर पाच राखीव आले होते. कुठलाही डबा आजारी पडला तर बदली म्हणून. पण दादा थोरलीला इतकं जपत की कुठला डबा आजारी पडलाच नाही, आणि दादा स्वभावानं इतके भिडस्त की राखीव डबे कोणी मागितले की देऊन टाकत. पाच वाढले तर पन्नास ओलांडून वर थोडं उरत होतं. त्यातला एक तर याच खोलीत होता. खिडकीखाली, कमी वेगानं चालू ठेवलेला, आणि त्याच्या उबेवर मांजर झोपली होती.

"मी हात लावणार नाही," बायकोनं आधीच सांगितलं. "मागे पुसायला उचलला तर मला ओरबाडलं होतं तिनं."

धाकटी दारात येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्हाला थोरली जास्त की माझी मांजर?"

दादा खाली बसले आणि थोरलीची सगळी कर्मकहाणी धाकटीला सांगितली. थोरलीनं वादळांचे अंदाज काढले, औषधांची गणितं सोडवली, बारा वर्षांत एकदाही कुरकुर केली नाही आणि आता तिला भंगारात घालणार. धाकटीनं नाक ओढलं, मांजरीला उचललं आणि दादांच्या उशीवर नेऊन ठेवलं. त्यानंतर दादा आठवडाभर बिनउशीचे झोपले, पण डबा मिळाला.

मंगळवारी ते वाचनालयात गेले. तिथली दोन दारं आपोआप लागू नयेत म्हणून त्यांना दोन डबे लावलेले होते.

"डबे नेलेत तर दारं धाडकन लागतील," ग्रंथपाल दबक्या आवाजात म्हणाले. ते भांडतानाही दबक्या आवाजातच भांडत. "वाचक दचकतात, दादा. गेल्या खेपेला एक जण खुर्चीवरून पडला."

"दगड लावा हो."

"दगड? वाचनालयात?" ग्रंथपालांना हे इतकं लागलं की ते पाठ फिरवून पुस्तकं लावू लागले. दादांनी मग धाकटीला सांगितलेली कहाणी पुन्हा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना ती आणखी सफाईदार झाली होती. ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. "न्या," ते म्हणाले. "मी पाय लावून उभा राहीन."

संचालकांच्या दालनात चौथा डबा काचेच्या पेटीत होता, वर छोटा दिवा लावलेला. पाहुणे आले की संचालक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत.

"पाहुण्यांना मग काय दाखवायचं?" संचालकांनी विचारलं.

"थोरलीच दाखवा, साहेब."

"ती आवाज फार करते. आणि तिच्याशेजारी उभं राहिलं की केस उडतात." संचालकांना केस थोडेच होते, त्यामुळे त्यांची त्यांना काळजी होती. शेवटी तोडगा निघाला. डब्याची पुढची चकचकीत पट्टी पेटीतच राहील आणि बाकीचा डबा दादा नेतील. पाहुण्यांना तसंही पट्टीच दिसत होती.

सगळ्यात अवघड होता पाचवा. तो हिशेब खात्यातल्या बाईंच्या टेबलाखाली होता. बाईंचे पाय बारा महिने गार पडत. दादांनी कधीतरी दया येऊन डबा दिला होता, आणि बाईंनी त्याला लोकरीचा निळा स्वेटर विणून घातला होता, समोर दोन बटणं लावून. डबा दिवसभर स्वतःशीच आकडे मोजत बसे आणि बाईंचे पाय शेकत.

"नाही म्हणजे नाही," बाई म्हणाल्या. "माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण तो या टेबलाखालून हलणार नाही."

दादांनी तिसऱ्यांदा कहाणी सांगितली. आता तिच्यात कुठे थांबायचं आणि कुठे आवंढा गिळायचा हेही ठरून गेलं होतं. पण बाईंनी हात धरून थांबवलं तेव्हा दादांचे डोळे खरेच भरले होते.

"पुरे, दादा. न्या. पण स्वेटर काढायचा नाही. तुमच्या त्या खोलीत बर्फासारखी थंडी असते."

"नाही काढत," दादा म्हणाले आणि खाली पोचल्यावर काढला. तापणाऱ्या यंत्राला लोकर चालत नाही हे बाईंना समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

शुक्रवारपर्यंत पाचही डबे थोरलीला जोडले गेले. कपाटांत जागा नव्हती, म्हणून ते बाजूच्या बाकावर ओळीनं मांडले. दादा तपासनीस बाईंना आणायला फाटकावर गेले, तेवढ्यात हिशेबवाल्या बाई आपल्या डब्याला बघायला खाली आल्या. तो त्या थंडीत उघडाच होता. स्वेटर शेजारीच पडला होता. तो त्यांनी त्याला घातला, दोन्ही बटणं लावली आणि कोणाला न सांगता वर निघून गेल्या.

तपासनीस बाई जाड मोजे घालून आल्या होत्या, म्हणजे बाई जाणकार होत्या. आत येताच त्यांनी सांगितलं, "सगळ्या डब्यांना थोडं काम द्या. नुसते लावलेत की जिवंत आहेत ते दिसू दे." दादांनी काम दिलं. थोरलीचे सगळे पंखे एकदम गरजले आणि पडद्यावर एकशे पाच हिरवे दिवे लागले. बाईंनी पडद्यावरचेच दिवे मोजले, बाकाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. काचेबाहेर सगळी मंडळी जमली होती. ग्रंथपाल, हिशेबवाल्या बाई, आणि केस जपत संचालक. आतलं त्यांना दिसत होतं, पण पंख्यांपुढे बोलणं ऐकू येत नव्हतं.

"एका ठोक्याला किती गणितं धरलीत?" तपासनीस बाईंनी मोठ्यानं विचारलं.

"आठ."

"आठ कशी?"

"आमच्या आधीचे साहेब आठच धरायचे. फळ्यावर लिहिलंय."

"अहो, ते त्यांच्या जुन्या यंत्राचे आठ! हे यंत्र एका ठोक्यात गुणाकार करतं आणि त्याच दमात बेरीजही उरकतं. दोन्ही मोजायची. सोळा होतात."

थोरलीच्या पंख्यांचा स्वभाव दादांना पाठ होता, पण तिची कमाल गती विचारायला बारा वर्षांत कोणी आलंच नव्हतं, आणि ते स्वतः होऊन कधी तिकडे वळले नव्हते. म्हणजे ती अठ्ठेचाळीस नव्हतीच. पहिल्या दिवसापासून शहाण्णव होती. दादांना हसू फुटलं. त्यांनी शेजारच्या कपाटावर हात ठेवला. ज्या पोरीला आपण जेमतेम पास होणारी समजत होतो, ती वर्गात पहिली येत होती!

"आणि हे पाच जादाचे धरून," तपासनीस बाई कॅल्क्युलेटर दाबत म्हणाल्या, "शंभर पूर्णांक आठ दशांश. अभिनंदन! केंद्रीय दालनात जाणार तुमचं यंत्र. पुढच्या महिन्यात गाडी येईल."

दादांचं हसू तोंडावरच राहिलं, फक्त आतून निघून गेलं.

"मी… मीही जाणार का तिच्याबरोबर?"

"नाही हो, तिथे त्यांची माणसं आहेत. एकाच दालनात चाळीस यंत्रं. तुम्ही आता जरा आराम करा." बाई खरोखर आपुलकीनं बोलत होत्या. "चला, बाहेर टेबलाशी बसून सही करते. सही होताना जेवढे डबे चालू, तेवढे धरायचे असा नियम आहे. सगळे नीट चालू राहू द्या म्हणजे झालं."

एक डबा. फक्त एक डबा कमी झाला असता तर थोरली शंभराच्या आत येत होती. पण धडधाकट चालणारा डबा स्वतःच्या हातानं बंद करायचा, तेही तपासायला आलेल्या बाईंच्या देखत, हे दादांच्या रक्तात नव्हतं. मात्र डबा ज्याला दिला होता त्यानं परत मागितला, तर देणं भागच होतं. दादा लगबगीनं बाहेर आले.

"किती?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"शंभर," दादा रडक्या आवाजात म्हणाले.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. संचालकांनी तर दादांना मिठीच मारली. त्यांना परिपत्रकातली पन्नासची ओळ तेवढी कोणीतरी वाचून दाखवली होती. शंभराचा अर्थ कळला असता तर त्यांनी थोरलीला गाडीपर्यंत हार घालत पोचवली असती, कारण केंद्रीय दालनात फोटो मोठे निघतात. त्यामुळे त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. आणि टेबलापाशी तपासनीस बाई पेनाचं टोपण काढत होत्या.

दादांनी ग्रंथपालांना बाजूला घेतलं. "तुमची दारं वाजत असतील हो. एक डबा घेऊन जा परत. आत्ताच्या आत्ता."

"दादा!" ग्रंथपालांना गहिवर आला. "वाजू देत दारं. थोरलीपुढे दारांचं काय एवढं? वाचकांनीही समजून घेतलंय."

"अहो, पण मी आनंदानं देतोय."

"हाच तुमचा मोठेपणा," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी दादांचा हात घट्ट दाबला.

दादा हिशेबवाल्या बाईंकडे वळले. "बाई, तुमचे पाय—"

"माझ्या पायांचं नाव काढू नका. तुम्ही त्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून सांगितलंत ना, मला झोप नाही लागली. दोन-दोन मोजे घालते, पण तो डबा तिथेच राहील."

दादांनी एक डोळा मिचकावला. बाईंना वाटलं त्यांना रडू आवरत नाही. त्यांनी पदरानं स्वतःचेही डोळे पुसले. संचालकांना विचारण्यात अर्थ नव्हता, त्यांच्याकडे पट्टी होती आणि ते तिच्यावर खूश होते. दादांनी घरी फोन लावला. "अगं, मांजरीला डबा हवाय का? तिला विचार ना!"

"तुमच्या उशीवर मजेत झोपलीय ती. ढुंकून बघणार नाही आता. का हो, काय झालं?"

तेवढ्यात काचेच्या आतून टीं टीं टीं असा आवाज आला. पडद्यावरच्या एकशे पाच हिरव्या दिव्यांतला एक लाल झाला. सगळे काचेला नाक लावून बघू लागले. बाकावर कडेला एक डबा, निळा स्वेटर घालून, दोन्ही बटणं लावून, तापून बंद पडला होता.

"अगंबाई!" हिशेबवाल्या बाई किंचाळल्या. "मीच घातला तो! मीच मारलं त्याला!"

"दादा, बघा ना!" ग्रंथपाल आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "एक मिनिटाचं काम आहे तुमचं!"

खरंच एक मिनिटाचं काम होतं. स्वेटर काढायचा, हवा लागू द्यायची, बटण दाबायचं. बारा वर्षांत थोरलीचा एकही लाल दिवा दादांनी इतका वेळ तसा राहू दिला नव्हता. त्यांचे पाय आपोआप दाराकडे निघाले. त्यांनी जवळच्या खांबाला धरलं आणि डोळे मिटून घेतले.

तपासनीस बाई उठून जवळ आल्या. "करा, करा दुरुस्त. मी थांबते. एका डब्यासाठी शंभर हुकायला नको. नव्व्याण्णव पूर्णांक चौऱ्याऐंशी होतंय बघा, फार वाईट वाटेल तुम्हाला."

"नको, मॅडम," दादा डोळे न उघडता म्हणाले. "तापलेल्या डब्याला लगेच हात लावू नये."

"मग? किती वेळात गार होईल?"

"काही सांगता येत नाही. लोकरीचा ताप आहे. उतरायला… उद्यासुद्धा उजाडेल."

तपासनीस बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मग खांबाला आवळून धरलेल्या त्यांच्या हातांकडे बघितलं. मग काचेतून थोरलीकडे आणि धुळीचा कण नसलेल्या तिच्या कपाटांकडे. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही. त्या पुन्हा टेबलाशी बसल्या, आकडा लिहिला आणि सही केली.

"पुढच्या वेळी तरी शंभर करा हं," जाताना त्या म्हणाल्या.

"प्रयत्न करतो," दादा म्हणाले.

त्या गेल्यावर सगळ्यांनी दादांना घेरलं. ग्रंथपालांनी पाणी आणलं. संचालक खांद्यावर थोपटत म्हणाले, "असू दे, होतं असं, पन्नासच्या तर वर आहोत ना आपण?" हिशेबवाल्या बाई तर आत जाऊन काढून आणलेला स्वेटर छातीशी धरून हुंदके देत होत्या, माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे शंभर गेले. दादांना त्यांचे शंभरदा आभार मानायचे होते, पण संचालक अजून खांद्यावर थोपटत होते. त्यामुळे दादा तोंड पाडून सगळ्यांचं सांत्वन घेत राहिले. ते काम त्यांना फार जड गेलं.

मंडळी पांगल्यावर ते आत गेले. लाल दिव्याचा डबा उघडून त्याला हवा दिली, बटण दाबलं. तो मिनिटभरात गुणगुणायला लागला, कुठे काही दुखलं-खुपलं नसल्यासारखा. दादा थोरलीसमोर उभे राहिले. आजूबाजूला कोणी नाही हे त्यांनी बघून घेतलं.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. "इतकी वर्षं तुला निम्मंच धरून चाललो."

मग त्यांच्या लक्षात आलं की खिशात टाकलेला फोन अजून चालूच आहे.

"अहो," पलीकडून बायको म्हणाली, "किती झाले शेवटी?"

"नव्व्याण्णव आणि थोडे."

"अरेरे. एका डब्यासाठी गेलं का हो सगळं?"

"नाही गं," दादा म्हणाले आणि आता कुठे त्यांना मोकळं हसू आलं. "एका डब्यामुळे राहिलं."